'विदर्भानं केरळला हरवलं' हे इंग्रजीत कसं लिहायचं? (खेळांची इंग्रजी क्रियापदं)

संत्र्याची_साल | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लेकीच्या इंग्रजीच्या पेपरावरून घरात तीन दिवस वाद चालू आहे. शेवटी म्हटलं, इथे विचारू.

लेक सातवीत, सेमी इंग्रजी. चाचणीत 'मी पाहिलेला सामना' यावर दहा ओळी लिहायच्या होत्या. तिच्याकडे विषय तयारच होता. २०२५ च्या मार्चमध्ये रणजी फायनलच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, तिचे बाबा तिला नागपुरातल्या जामठ्याच्या स्टेडियमवर घेऊन गेले होते. डोक्यावर ऊन, डब्यात थालीपीठ आणि दिवसभर एकच प्रश्न, 'बाबा, आता कोण जिंकतंय?' तर तिनं अगदी मनापासून लिहिलं. पेपर घरी आला तो लाल शाईनं माखून. दहा ओळींत सात गोल. शेजारी अक्षरही नाही, नुसते गोल. काय चुकलं ते पोरीनं कसं ओळखायचं?

एक गोल स्पेलिंगचा होता, तो सोडून देते. बाकीची सहा वाक्यं जशीच्या तशी:

'विदर्भ लॉस्ट केरला.'
'करुण नायर रिमूव्ह्ड मेनी रन्स.'
'द बोलर थ्रू द बॉल व्हेरी फास्ट.'
'वन फील्डर कॅच्ड अ कॅच.'
'आय प्ले कराटे अँड स्विमिंग.'
'माय फादर डज जिम.'

नवरा म्हणतो, पहिलं वाक्य 'विदर्भ वन केरला' असं हवं होतं. मला तेही खटकतं, पण का खटकतं ते सांगता येत नाही. मी मराठी माध्यमातली, इंग्रजी पोटापुरतं. कुणी नीट उलगडून सांगेल का? नुसतं बरोबर उत्तर नको, ते मोबाइलवरही मिळतं. तिनं हे असं का लिहिलं असेल, ते हवंय.

---

तर्रीपोहे | सोमवार, रात्री ९.५२

काहून बाप्पा, घरच्या मैदानावर पोट्टीनं आपल्याच टीमले पाडलं! 'विदर्भ लॉस्ट' वाचून मले तर घामच फुटला. वाटलं, कप परत मागून रायले का काय.

सहाव्या वाक्यात चूक काय हाय, ते मात्र मले पण सांगा. मीबी जिमच करतो.

---

जुना_फळा | सोमवार, रात्री १०.३०

ताई, तुमच्या लेकीनं चूक केली, पण ती मराठी उत्तम येणाऱ्या मुलीची चूक आहे. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. 'लॉस्ट केरला' ही जात दर वर्षी एकदोन वह्यांत सापडायचीच.

'मी छत्री हरवली' आणि 'मी राजूला हरवलं', ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. क्रियापद तेच. छत्रीच्या वेळी हरवणे म्हणजे गमावणे आणि राजूच्या वेळी पराभव करणे. मुलांना 'हरवणे' याचा इंग्रजी अर्थ आधी छत्रीवरून भेटतो, पेन्सिल-रबरावरून भेटतो: 'आय लॉस्ट माय पेन्सिल'. मग सामन्याचं लिहायची वेळ आली की तेच 'लॉस्ट' पुढे करतात. 'विदर्भ लॉस्ट केरला' याचा अर्थ, विदर्भाकडे केरळ होतं, ते बसमध्ये राहिलं.

त्यात भर म्हणजे 'हरणे' यालाही इंग्रजीत 'लूज'च. म्हणजे आम्ही हरलो तरी लॉस्ट आणि पेन्सिल हरवली तरी लॉस्ट. त्यांना हरवलं तेवढंच लॉस्ट नाही. पोरांनी गोंधळू नये तर काय करावं!

आता तुमच्या यजमानांचं वाक्य. 'विन' या क्रियापदापुढे काय येतं ते बघायचं. सामना, चषक, पदक, टॉस, पॉइंट, शर्यत, म्हणजे जे मिळवायचं ते. समोरचा माणूस किंवा संघ तिथे येत नाही, कारण तो काही आपल्याला मिळत नाही. मराठीत 'किल्ला जिंकला', 'प्रदेश जिंकला' म्हणतो ना? 'विदर्भ वन केरला' हे इंग्रजी कानाला तसं काहीतरी लागतं. जणू शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभात केरळ राज्य, नारळासकट, आपल्या कॅप्टनच्या हातात दिलं. मजा अशी की मराठीत हा भेद आपण बिनचूक पाळतो. 'सामना जिंकला' म्हणतो आणि 'केरळला हरवलं' म्हणतो. 'केरळला जिंकलं' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे कान तयार आहे, फक्त इंग्रजी लिहिताना आपण तो काढून ठेवतो.

माणसाला किंवा संघाला हरवायचं तर 'बीट'. जरा भारदस्त हवं असेल तर 'डिफीट'. 'बीट'चा भूतकाळही 'बीट'च, 'बीटेड' नव्हे. तिसरं रूप 'बीटन'.

या 'बीट'ला आपली मुलं घाबरतात, कारण त्यांना तो फक्त 'मारणे' म्हणून ठाऊक असतो. एकदा एका मुलानं डायरीत लिहिलं होतं, 'टुडे वी बीट सेक्शन बी.' दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत हजर. हात जोडून म्हणाले, सर, काय झालं मारामारीचं, कुणाला लागलं तर नाही? खो-खोचा सामना होता!

एक पुरवणी. 'वन ओव्हर केरला' असंही लिहितात, तेही टाळा. 'विन ओव्हर' म्हणजे एखाद्याचं मन वळवून त्याला आपल्या बाजूला आणणं. 'अ विन ओव्हर केरला' मात्र चालतं, तिथे 'विन' हे नाम आहे. आणि हरल्यावर 'लॉस्ट फ्रॉम' नाही, 'लॉस्ट टू'. 'त्यांच्याकडून हरलो' मधला 'कडून' आपल्याला 'फ्रॉम'कडे ओढतो.

तर वाक्य झालं: 'विदर्भ बीट केरला.'

---

संत्र्याची_साल | सोमवार, रात्री १०.४१

सर, दंडवत! छत्रीचं उदाहरण लेकीला वाचून दाखवलं, ती हसून लोळली. यजमानांना नारळाचं सांगितलं, ते हसले नाहीत.

---

पॉइंटवर_उभा | सोमवार, रात्री ११.१५

सर, तुमच्या इंग्रजीपुढे आपण काही बोलणार नाही. पण त्या मॅचपुरतं 'बीट'ही चुकीचं आहे. माफ करा, क्लब क्रिकेटमध्ये अंपायरिंग करतो, झोप येणार नाही म्हणून लिहितो.

ती फायनल कुणी कुणाला हरवलीच नाही. विदर्भ पहिल्या डावात ३७९, केरळ ३४२. लीड ३७. दुसऱ्या डावात आपण ९ बाद ३७५ वर असताना खेळ थांबला आणि सगळ्यांनी हात मिळवले. मॅच ड्रॉ. रणजीची फायनल ड्रॉ झाली की पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याला ट्रॉफी. म्हणून 'विदर्भ वन द ट्रॉफी' शंभर टक्के बरोबर, 'विदर्भ वन द मॅच' चूक आणि 'विदर्भ बीट केरला' पण चूक.

'बीट' लिहायचं तर आधीच्या दोन फायनल आहेत ना. २०१७-१८ ला इंदूरला दिल्लीला ९ विकेटनं हरवलं, तिथे 'बीट'. आपला बोलर गुरबानी, त्याची हॅटट्रिक त्याच मॅचमधली. २०१८-१९ ला इथेच जामठ्याला सौराष्ट्राला ७८ रननं हरवलं, तिथेही 'बीट'. तीन ट्रॉफ्या आहेत आपल्याकडे, पण 'बीट' दोनदाच.

---

तर्रीपोहे | सोमवार, रात्री ११.२१

कप आपल्या घरी, ते गेले रिकाम्या हातानं, आन् तुम्ही म्हणता हरवलं नाही? भाऊ, मराठीत तर हरवलंच म्हणतात. सगळ्या गावात पेढे वाटले ते काय ड्रॉचे होते का?

---

पॉइंटवर_उभा | सोमवार, रात्री ११.३३

पेढे ट्रॉफीचे होते, भाऊ. स्कोअरबुकात ड्रॉच लिहिलंय. बोलताना लोक 'हरवलं' म्हणतात, कबूल. पण मुलगी परीक्षेत लिहून राहिली.

आणि 'ड्रॉ' निघालाच आहे तर 'टाय'चंही सांगतो. आपल्या अर्ध्या नागपूरला दोन्ही एकच वाटतं. क्रिकेटमध्ये वेळ संपली, निकाल नाही लागला, तर ड्रॉ. सगळा खेळ पूर्ण होऊन दोघांचे रन सारखे झाले तरच टाय. टेस्टमध्ये हे आजवर दोनदाच झालंय, १९६० ला ब्रिस्बेनला आणि १९८६ ला मद्रासला. मद्रासच्या वेळी आपणच होतो, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मराठी पेपरवाले हे बरोबर लिहितात, 'अनिर्णित' वेगळं आणि 'बरोबरीत' वेगळं. फुटबॉलमध्ये मात्र १-१ झालं तरी 'ड्रॉ'च म्हणतात.

बाकी, ताई, एक गोष्ट अजून. करुण नायरनं त्या रविवारी 'मेनी रन्स' नाही काढले. आदल्या दिवशी तो १३२ वर नाबाद होता, रविवारी १३५ वर स्टम्पिंग झाला. तुमच्या लेकीसमोर तीन.

---

संत्र्याची_साल | मंगळवार, सकाळी ८.०५

तीन रनांसाठी थालीपीठं बांधून दिली मी!

---

जुना_फळा | मंगळवार, सकाळी ९.२०

पॉइंटवाले, मान्य. मी व्याकरण तपासलं, सामना तपासला नाही. वाक्य बिनचूक आणि बातमी चुकीची, हा प्रकार आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातून झालेला नाही.

आता 'रिमूव्ह्ड रन्स'. दोष 'काढणे' या आपल्या कामसू क्रियापदाचा. रन काढतो, विकेट काढतो, फोटो काढतो, चित्र काढतो, चपला काढतो, दिवस काढतो, कुणाची तरी खोडी काढतो. इंग्रजीत यातलं प्रत्येक काम वेगळ्या नोकराकडे. रन 'स्कोअर' करायचे किंवा 'मेक' करायचे, विकेट 'टेक' करायची. शतकाला 'स्कोअर', 'मेक', 'हिट' काहीही चालतं. चौकार मात्र 'हिट'. गोल केला याला 'डिड अ गोल' लिहितात, तिथेही 'स्कोअर'च.

'कॅच्ड अ कॅच' मध्ये दोन चुका आहेत. 'कॅच'चा भूतकाळ 'कॉट'. आणि झेल हे नाम वापरायचं असेल तर क्रियापद 'टेक': 'टुक अ कॅच'. नाम नको असेल तर 'कॉट द बॉल'. झेल सुटला तर 'ड्रॉप्ड'. आपल्याकडे झेल 'टिपतात', चिमणीनं दाणा टिपावा तसा. तो शब्द मला फार आवडतो. इंग्रजीत त्याच्या तोडीचं सापडलेलं नाही, आणि न सापडो.

---

पॉइंटवर_उभा | मंगळवार, दुपारी १.५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. तिसऱ्या वाक्यावर अजून कुणी बोललंच नाही, आणि सगळ्यात भारी चूक तीच आहे.

'द बोलर थ्रू द बॉल.' मराठीत बॉल 'टाकतात'. बोलरही टाकतो, फील्डरही टाकतो, कचराही टाकतो. पण इंग्रजीत बोलरनं 'थ्रो' केला असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर आरोप आहे. आपल्या गल्लीत 'हा फेकून राहिला बे' म्हटलं की भांडण होतं ना, अगदी तेच. बोलरला 'बोल' करावं लागतं. आयसीसीच्या नियमात कोपर १५ अंशांपर्यंत सरळ झालं तर चालतं, त्याच्या पुढे गेलं तर तो थ्रो, नो-बॉल. १९९५ मध्ये मेलबर्नला बॉक्सिंग डे टेस्टमध्ये अंपायर डॅरेल हेअरनं श्रीलंकेच्या मुरलीधरनला याच्यावरूनच नो-बॉल दिले होते. सगळं जग पेटलं होतं. आणि तुमची लेक शांतपणे एका ओळीत अख्ख्या बोलिंगवर ठपका ठेवून मोकळी!

'बोल' म्हणजे मुळात जमिनीवरून घरंगळत सोडणे. जुन्या काळी इंग्लंडमध्ये बॉल खालूनच टाकायचे. हात खांद्याच्या वर नेऊन टाकायला १८६४ ला परवानगी मिळाली. क्रिया बदलली, क्रियापद तेच राहिलं.

फील्डरनं स्टम्पवर टाकला तर बिनधास्त 'थ्रू'. बोलरनं टाकला तर 'बोल्ड'. आणि बॅट्समन त्रिफळाचीत झाला तर 'वॉज बोल्ड'. एकच शब्द, 'वॉज' गळला की मारणारा मरतो आणि मरणारा मारतो.

सर 'बीट' म्हणाले, त्याचा मैदानातला एक अर्थ राहिला. बॉल बॅटच्या कडेजवळून गेला, लागला नाही, की कॉमेंट्रीवाले म्हणतात 'बीटन!'. तिथे कुणी हरलेलं नसतं. बॅट्समन नुसता चकला.

---

चुन्याची_रेघ | मंगळवार, दुपारी ३.१०

शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे, एकेकाळी गोळाफेक करायची. पॉइंटवर_उभा यांचं 'थ्रो'चं वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडेही हीच गंमत आहे.

भाला 'थ्रो' करायचा, थाळी 'थ्रो' करायची, हातोडा 'थ्रो' करायचा. गोळा मात्र 'पुट' करायचा. मराठीत सरसकट 'फेक' आहे, गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक, म्हणून मुली 'शी थ्रू द शॉट' लिहितात. गोळा मानेजवळ, खांद्याला लावून धरायचा आणि एका हातानं पुढे ढकलायचा. हात खांद्याच्या रेषेच्या मागे किंवा खाली गेला की फाउल. म्हणजे गोळा खरोखरच 'थ्रो' केलात तर पंच लाल झेंडा दाखवतात. मी माझ्या मुलींना सांगते, फेकायचा नाही, ठेवायचा आहे, फक्त लांब ठेवायचा आहे.

भाल्यावरून 'बीट'चं एक चांगलं वाक्य सुचलं. मे २०२५ मध्ये दोह्याला नीरज चोप्रानं ९०.२३ मीटर टाकला, नव्वदी पहिल्यांदाच ओलांडली. पण जर्मनीच्या वेबरनं ९१.०६ टाकून त्याला मागे टाकलं. 'नीरज थ्रू नाइन्टी मीटर्स, बट वेबर बीट हिम.' मराठीत दोन्हीकडे 'टाकलं' आलं बघा, आणि इंग्रजीत दोन वेगळी.

---

पहाटे_पाच | मंगळवार, सायंकाळी ६.३०

कराटे, स्विमिंग आणि जिम माझ्याकडे द्या. रोज अंबाझरीला पळतो, त्यामुळे या शब्दांशी रोजची गाठ.

शाळेत पाठ करवतात: बॉलचे खेळ 'प्ले', एकट्यानं करायचे 'डू', आयएनजीवाले 'गो'. पाठ होतं आणि परीक्षेच्या दिवशी विसरतं. मी माझ्या भाच्याला वेगळी युक्ती दिली. मराठीत काय म्हणतोस ते आधी बघ. 'कबड्डी खेळतो' तर 'प्ले'. 'योगासनं करतो' तर 'डू'. 'पोहायला जातो, पळायला जातो, सायकलिंगला जातो' तर 'गो स्विमिंग, गो रनिंग, गो सायकलिंग'. खेळतो, करतो, जातो. तीन खाने आपल्या भाषेत आधीच आहेत. बुद्धिबळ, कॅरम, पत्ते, बॅडमिंटन, सगळे खेळतो, सगळे 'प्ले'.

ही युक्ती दहातल्या आठ वेळा चालते. दोनदा फसते ती अशी.

एक, आपण 'खेळतो' फार सढळ हातानं वापरतो. कराटे खेळते, कुस्ती खेळतो, बॉक्सिंग खेळतो, जिम्नॅस्टिक खेळते. लेझीम खेळतात, फुगडी खेळतात, होळीसुद्धा खेळतात! इंग्रजीत मारामारीचे आणि कसरतीचे प्रकार 'प्ले' होत नाहीत. 'डज कराटे', 'डज जिम्नॅस्टिक्स'. कुस्तीला आणि बॉक्सिंगला तर स्वतःचीच क्रियापदं आहेत. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, तिथे ते 'रेसल्ड'. 'प्लेड रेसलिंग' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, लहानपणी भावाबरोबर गादीवर.

दोन, 'जिम करतो'. आपणच तयार केलेला प्रकार. जिम ही जागा आहे. देऊळ करतो म्हणतो का? देवळात जातो. तसं 'गोज टू द जिम' किंवा 'वर्क्स आउट'. 'मॉर्निंग वॉक करतो' याचं पण 'गोज फॉर अ वॉक'. तर्रीपोहे भाऊ, तुमची शंका फिटली असेल.

तेव्हा ताई, पाचवं वाक्य: 'आय डू कराटे अँड गो स्विमिंग.' एका 'प्ले'च्या जागी दोन आले.

---

तर्रीपोहे | मंगळवार, सायंकाळी ६.४४

म्हणजे मी जिम करत नाही, जिममध्ये जातो. बायको बी हेच म्हणते, नुसता जातो.

---

तिरका_उंट | मंगळवार, रात्री ९.१५

दिव्या देशमुख वर्ल्ड कप जिंकल्यापासून आमच्या कॉलनीत दर दुसऱ्या घरात बुद्धिबळाचा पट मांडलेला आहे, म्हणून थोडं आमच्याकडचं.

आधी तिचंच वाक्य घ्या. जुलै २०२५, जॉर्जियातलं बातुमी, समोर कोनेरू हम्पी. दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, मग रॅपिड टायब्रेकमध्ये निकाल लागला. 'दिव्या बीट हम्पी अँड वन द वर्ल्ड कप.' माणसाला 'बीट' आणि कपाला 'विन', एका वाक्यात दोन्ही. याहून सोपं उदाहरण शोधूनही सापडणार नाही, आणि आपल्या गावचं आहे! त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली, तिथे 'बिकेम'.

पटावरची क्रियापदं मात्र मुलं हमखास मराठीतून आणतात. माझा मुलगा आठ वर्षांचा. ऑनलाइन खेळताना परदेशातल्या कुणाला तरी इंग्रजीत लिहिलं, 'आय किल्ड युवर हॉर्स.' घोडा मारला ना! समोरच्यानं नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. इंग्रजीत सोंगटी मारत नाहीत, 'टेक' करतात किंवा 'कॅप्चर' करतात. आणि घोडा 'नाइट' असतो, म्हणजे घोडेस्वार. आपला वजीर तिकडे राणी. त्यामुळे 'वजीर मारला' हे शब्दशः नेलं तर फारच भलतं होतं. चाल 'मेक' करायची किंवा 'प्ले'. शह 'गिव्ह', इथे मराठी आणि इंग्रजी जुळतात, आपणही शह देतोच. किल्लेकोट करायचा याला 'कासल' हेच क्रियापद. डाव सोडला तर 'रिझाइन्ड', आपल्याकडे तो शब्द नोकरीसाठी राखून ठेवलाय.

---

नेम_धरून | मंगळवार, रात्री १०.००

+१. तिरंदाजीत 'प्ले' नाही, 'फायर'ही नाही. 'शूट'. 'फायर' बारुदीचा शब्द, बाणाला बारूद नसते. ओजस देवतळे, आपल्या नागपूरचाच, २०२३ ला बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये १५ बाण, प्रत्येकी १०, एकूण १५० पैकी १५०. 'ही शॉट अ परफेक्ट वन फिफ्टी.' समोरच्याचे १४९.

आणि इथे 'थ्रॅश्ड' लिहू नका, जरी जोश आला तरी. एका गुणाचा फरक. मराठी पेपर जसं 'धूळ चारली' आणि 'निसटता विजय' वेगळं ठेवतात तसं. एका गुणानं जिंकलात तर 'एज्ड'. बॅडमिंटनमध्ये मालविका बनसोडनं २०२२ च्या इंडिया ओपनमध्ये सायनाला २१-१७, २१-९ असं हरवलं, तिथे 'बीट' साधंच पुरे. स्कोअर काय तो बोलतो.

---

शुद्धलेखन_पेठ | मंगळवार, रात्री १०.२५

अवांतर: 'हरवलं' की 'हरविलं', यावर कुणी का बोलत नाही?

---

तर्रीपोहे | मंगळवार, रात्री १०.२६

कारण आम्ही नागपुरात राहतो.

---

जुना_फळा | मंगळवार, रात्री १०.५०

धागा फार छान रंगला. वाचनखूण ठेवली. गोळ्याचं 'पुट' मी एकतीस वर्षांत एकदाही शिकवलं नाही, हे कबूल करतो. वर्गात गोळाफेकीचं वाक्य आलं की मीही 'थ्रो'च लिहायचो फळ्यावर.

ताई, एक विनंती. त्या पेपराच्या गुणांसाठी शाळेत भांडू नका, पण बाईंना भेटून गोलांची कारणं जरूर विचारा. चाळीस-चाळीस वह्या तपासताना हात नुसता गोल काढत जातो, मीही काढलेत. कुणी येऊन विचारलं की पुढच्या वेळी समासात एक शब्द तरी लिहिला जातो.

---

संत्र्याची_साल | बुधवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज लेकीला घेऊन बसले. 'खेळतो-करतो-जातो' तिला लगेच पटलं. वहीच्या मागच्या पानावर तीन खाने आखून ती घरातल्या सगळ्यांना त्यात बसवत सुटली. आजी 'करते' मध्ये (प्राणायाम), दादा 'खेळतो' मध्ये, मी कुठेच नाही. लंगडीचा खाना कुठला, यावर ती अडली. आपण लंगडी 'घालतो'! मी म्हटलं, 'हॉप' लिही आणि चौथा खाना कर.

बाईंनाही भेटले. चांगल्या बोलल्या. ड्रॉचं त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी उत्तरपत्रिकेत 'बीट'च धरलं होतं.

तिनं नव्यानं लिहिलेली वाक्यं:

'द मॅच वॉज ड्रॉन, बट विदर्भ वन द रणजी ट्रॉफी.'
'करुण नायर स्कोअर्ड थ्री रन्स ऑन दॅट डे.'
'द बोलर बोल्ड व्हेरी फास्ट.'
'वन फील्डर टुक अ कॅच.'
'आय डू कराटे अँड गो स्विमिंग.'
'माय फादर गोज टू द जिम.'

शेवटच्या वाक्यावर आजीनं हरकत घेतली. म्हणाली, व्याकरण बरोबर असेल, पण हे खोटं आहे. जानेवारीत वर्षाची फी भरली, त्यानंतर तो तिकडे फिरकलेला नाही.

---

पहाटे_पाच | बुधवार, रात्री ८.४१

मग 'माय फादर हॅज जॉइन्ड अ जिम' लिहा.